आधी आमचं नाव मस्टरवर लिहा

आषाढातली गोष्ट. सोयाबीनच्या पेरण्या उरकल्या होत्या, खुरपणीला अजून आठ दिवस अवकाश होता, म्हणून बायकांना बसायला जरा उसंत होती. कळंब तालुक्यातल्या एका गावात समाजमंदिरात बैठक घेतली. चाळीसेक बायका जमल्या. ऊसतोडीहून परत आलेल्या, शेतात रोजंदारी करणाऱ्या, दोन अंगणवाडी सेविका, एक आशाताई, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आणि त्याच शाळेत खिचडी शिजवणाऱ्या एक मावशी. मी वहीत लिहून आणलेला प्रश्न वाचला : ‘कामाच्या ठिकाणी स्त्री-पुरुष समानता यावी म्हणून सरकारची जी धोरणं आहेत, कायदे आहेत, त्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं?’

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सत्तरीच्या एक मावशी म्हणाल्या, “ताई, आधी हे सांग, कामाचं ठिकाण म्हन्जे कोन्तं? म्या बारा ठिकाणी काम केलं. एका बी ठिकाणी माझं नाव नव्हतं. एकदाच व्हतं. बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला. तवा मस्टरवर माझा अंगठा व्हता. मालकाचा येगळा, माझा येगळा.”

मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली बाई. समानतेच्या व्याख्या मला पाठ आहेत. पण त्या दिवशी त्या मावशींनी माझ्या वहीतला प्रश्नच उलटा करून माझ्यापुढे ठेवला. तुमची धोरणं कामगार बाईसाठी आहेत ना? मग आधी सांगा, आम्ही कामगार आहोत हे कुठे लिहिलंय?

मैत्रिणींनो, हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. माझं म्हणणं सरळ आहे. समानतेची धोरणं आपल्याकडे कमी नाहीत. पण त्यांच्या दाराशी एक पायरी आहे, आणि ती म्हणजे कामगार म्हणून बाईची स्वतःच्या नावाने झालेली नोंद. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या बहुसंख्य कष्टकरी बायकांना ही पायरीच नाही. आणि जोवर ती नाही, तोवर आपण घेत असलेली शिबिरं, काढत असलेली पत्रकं आणि वाजवत असलेल्या टाळ्या या दार असलेल्या बायकांसाठीच आहेत, हे मान्य करायला हवं.

दुष्काळाने दिलेलं नाव

मावशींनी सांगितलेला दुष्काळ म्हणजे 1972चा. मराठवाड्यात ज्यांनी तो पाहिला त्या बायका आजही वय सांगताना ‘दुष्काळाच्या आधी’, ‘दुष्काळानंतर’ असं सांगतात. खडी फोडली, पाझर तलाव खोदले, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. त्या कामावर मजुरीचा दर बाईचा आणि गड्याचा असा वेगळा नव्हता. काम मोजायचं आणि दाम द्यायचा. मस्टरवर प्रत्येकाचं नाव वेगळं.

त्या काळी कुणी मावशींना समानतेचं प्रशिक्षण दिलं नव्हतं. ‘सक्षमीकरण’ हा शब्दही आपल्या गावांत यायचा होता. तरी पन्नास वर्षांनंतर त्यांना ती मजुरी आठवते, आणि मजुरीपेक्षा मस्टरवरचा अंगठा आठवतो. उपाशी पोटी मिळालेली ती नोंद त्यांच्या आयुष्यातली एकमेव कामगार म्हणून झालेली नोंद आहे. ती योजना काही आदर्श नव्हती. मोजमापात लबाडी होती, मजुरी उशिरा यायची, मिस्त्रीची दादागिरी होती. पण भांडायला एक कागद होता, आणि कागदावर बाई होती.

आता त्याच गावातल्या रानात या. सोयाबीनच्या खुरपणीला बाईची हजेरी एक आणि गड्याची हजेरी दुसरी, दीडपट ते दुप्पट. विचारलं तर शेतकरी म्हणतो, “गड्याचं काम जड असतंय.” दिवसभर कंबरेत वाकून खुरपणं हलकं आणि बांधावर उभं राहून फवारणं जड! हे वजन कुणी केलं? समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्या राज्यघटनेच्या 39व्या कलमात आहे. त्यासाठी 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला. तो आता वेतन संहितेत मिसळला आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती संहिता लागू झाली. म्हणजे कायद्याने दोनदा कूस बदलली. बांधावरची हजेरी आहे तिथेच आहे. कारण त्या हजेरीची पावती नाही, वही नाही, सही नाही. जे कुठे लिहिलंच जात नाही, ते असमान आहे हे सिद्ध कसं करायचं?

अर्धा कोयता

आता ऊसतोडीकडे येऊ. कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या गावांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात जातात, सीमा ओलांडून कर्नाटकात जातात, आणि पाडव्याच्या आसपास परततात. या धंद्यात मजूर मोजायचं माप आहे ‘कोयता’. एक कोयता म्हणजे एक जोडपं. नवरा अर्धा कोयता, बायको अर्धा कोयता. बाहेरच्या माणसाला वाटेल, वा, काय समानता! अर्ध्याला अर्धं!

पण उचल कोण घेतं? नवरा. मुकादमाच्या वहीत नाव कुणाचं? नवऱ्याचं. हिशेबाला कोण बसतं? नवरा. फडात ऊस तोडायचा, वाढं बांधायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं, रात्री दोनला गाडी आली तर उठून भरायची, आणि त्याच्या आधी-नंतर खोपीपुढे चूल पेटवायची, पाणी आणायचं, लेकरं सांभाळायची. एवढं करून ती वहीत नाही. तिची उचल नवऱ्याच्या खिशात, तिची उसनवारी मात्र दोघांच्या डोक्यावर. नवरा मेला किंवा त्याने सोडलं तर उचल फेडायला तीच.

विधवा आणि टाकलेल्या बायकांचं तर विचारूच नका. एकट्या बाईला मुकादम कोयता धरत नाही. भाऊ शोध, भाचा शोध, वयात आलेला पोरगा घे. जोडी नसेल तर काम नाही. आणि जोडी हवी म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकलं जातं. बालविवाह रोखा म्हणून आपण गावोगाव पथनाट्यं करतो, आणि तिथेच शेजारी उभा असलेला मुकादम जोडीमागे उचल वाटत असतो. आपलं पथनाट्य जिंकेल की त्याची उचल?

बीड जिल्ह्यात गर्भाशयं काढून टाकल्याचा प्रश्न 2019 साली उघड झाला तेव्हा सगळा देश हळहळला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेली आकडेवारी अशी : पाहणी केलेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. आमचा जिल्हा बीडला लागून आहे, टोळ्या शेजारी शेजारी उतरतात. त्यामुळे आमच्या बायकांना यात नवल वाटलं नाही. त्या म्हणतात, “पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड.” फडात संडास नाही, पाणी नाही, आडोसा नाही. दुखणं अंगावर काढायचं, आणि डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाक, म्हणजे कटकट मिटली.

इकडे 2025 साली कर्नाटक सरकारने नोकरदार बायकांना महिन्याला एक दिवस पाळीची पगारी रजा द्यायचं धोरण मंजूर केलं. चांगलं झालं. मी बैठकीत ही बातमी सांगितली. ऊसतोडीच्या एक बाई हसल्या. म्हणाल्या, “आमी बी कर्नाटकातच व्हतो की ताई. आमाला रजा नगं. खाड्याचा दंड तेवढा सोडा म्हनावं.” एकाच राज्यातलं धोरण, एकाच राज्यातला फड. एकीला रजेचे पैसे मिळतात, दुसरी रजेचे पैसे भरते.

बाळंतपणाचंही तेच. 2017च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा झाली. या हक्काची कुळी मोठी आहे. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली, आणि 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे तो कायदा आमच्या आज्यांपर्यंत आला नाही. निजामाचं राज्य 1948 साली गेलं. पण खोपीत बाळंत झालेली बाई पंधरा दिवसांत फडात उभी राहते, तिच्यासाठी 26 आठवडे अजूनही परक्या मुलखातलेच आहेत.

भंवरीदेवीचा कायदा, आणि भंवरीदेवीसारख्या बायका

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा कायदा कुठून आला, हे आपल्यातल्या नव्या कार्यकर्त्यांना सांगायला हवं. तो कुठल्या काचेच्या कचेरीतून आला नाही. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथीन’ होत्या. तुटपुंज्या मानधनावर गावात काम करणाऱ्या. बालविवाह रोखायचा प्रयत्न केला म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995 साली सत्र न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. या प्रकरणाच्या संतापातून स्त्री संघटना आधीच सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, आणि 13 ऑगस्ट 1997 रोजी विशाखा निकाल आला. पुढे 2013 साली संसदेने कायदा केला.

म्हणजे गावात मानधनावर राबणाऱ्या एका बाईच्या अंगावर जे झालं, त्यातून हा कायदा जन्मला. आणि आज तो नीट कुठे चालतो? जिथे चालतो तिथे मोठ्या शहरांतल्या कंपन्यांमध्ये. भंवरीदेवीसारख्याच बायकांपर्यंत तो पोचलेला नाही. यापेक्षा मोठी थट्टा कोणती?

कायदा वाचला तर तो वाईट नाही. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची, नाही नेमली तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तालुक्याला नोडल अधिकारी असायचा, त्याने तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत समितीकडे पाठवायची. बाईला लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करायची. असंघटित क्षेत्र कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मग अडतं कुठे?

मी बैठकीत विचारलं, “स्थानिक समिती कुणी ऐकलीय?” शाळेतल्या बाई सोडून एकीनेही हात वर केला नाही. तालुक्याला नोडल अधिकारी कोण, हे शाळेतल्या बाईंनाही ठाऊक नव्हतं. देशभरात हीच रड आहे म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाला 2023 साली गोव्याच्या एका खटल्यात अंमलबजावणीतल्या त्रुटींवर ताशेरे ओढावे लागले. त्याच खटल्यात डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयाने सगळ्या राज्यांना मुदती घालून दिल्या. 31 डिसेंबरपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, 31 जानेवारी 2025 पर्यंत स्थानिक समिती नेमा. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर हे सांगावं लागलं!

आणि समजा, समिती नेमली. ऊसतोडीच्या बाईचा हिशेब करून बघा. फड सांगली-कोल्हापुरात किंवा बेळगावकडे. स्थानिक समितीचा अधिकार तिच्या त्या त्या जिल्ह्यापुरता. तक्रारीची मुदत तीन महिने, समितीने कारण मान्य केलं तर आणखी तीन. बाई ट्रकने खोपीवर उतरली, तालुक्याचं गाव तिला ठाऊक नाही, भाषा कदाचित कानडी, उचल फिटेपर्यंत मुकादमाला दुखवता येत नाही. ती पाडव्याला घरी येईल तेव्हा मुदत संपत आलेली असेल, आणि इथली समिती म्हणेल, घटना आमच्या जिल्ह्यातली नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एका जागी बसणारी बाई होती. आमची बाई तर हंगामाबरोबर चालणारी आहे.

मानाचं धन

अंगणवाडी सेविका आणि आशाताई तर थेट सरकारचंच काम करतात. 1975 साली अंगणवाडी योजना सुरू झाली, 2005 साली आशा आल्या. दोघींना मिळतं ते वेतन नाही, ‘मानधन’ आणि ‘मोबदला’. या शब्दांकडे नीट बघा. सेविका, मदतनीस, आशाताई. सरकार बाईला कामावर घेताना नेहमी नात्याचं किंवा सेवेचं नाव देतं, कामगाराचं देत नाही. कारण ताईला मान द्यायचा असतो, कामगाराला पगार द्यावा लागतो.

कोरोनात दारोदार फिरणाऱ्या आशांचा 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. जगभर टाळ्या वाजल्या. डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका आणि जानेवारी 2024 पासून आशा संपावर गेल्या, तेव्हा टाळ्या वाजवणारे हात कुठे होते? सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये सांगितलं, तेही गुजरातेतल्या बायका शेवटपर्यंत लढल्या म्हणून. जो सरकारी अधिकारी खासगी मालकांना समान वेतनाचे धडे देतो, त्याच्याच खात्यात बायकांच्या श्रमावर ‘मान’ नावाचा पडदा टाकून धन वाचवलं जातं.

जुलै 2024 पासून महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1500 रुपये मिळू लागले. गावातल्या बायकांच्या हातात पैसा आला, औषधाला, लेकरांच्या वह्यांना उपयोगी पडला. त्याची थट्टा मी करणार नाही. ज्यांचं पोट भरलेलं आहे त्यांनीच ती करावी. पण एका सेविकेने त्या बैठकीत जे म्हटलं ते इथे नोंदवते : “बहीण म्हणून पैसे मिळतेत, अन् त्या बहिणींचे फॉर्म भरणाऱ्या बाईचा पगार म्हणलं की सरकारला खोकला येतोय.” सरकारला बहीण चालते. बहिणीला ओवाळणी घालता येते. कामगार चालत नाही, कारण कामगार हिशेब मागते.

भिंतीवरची समिती

नोकरीतल्या बायकांचं सगळं ठीक आहे असं मला म्हणायचं नाही. तालुक्याच्या गावांत शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या, कचेरीतल्या बायकांशी मी बोलत असते. त्यांची नावं मस्टरवर आहेत. त्यांच्या पदरात काय पडतं?

एका कार्यालयात भिंतीवर समितीची यादी आहे. त्यातल्या दोघींची बदली होऊन दोन वर्षं झाली. दुसरीकडे एका शिक्षिकेला मी विचारलं, तुमच्या समितीच्या अध्यक्ष कोण? तिने फाईल काढली आणि तिचाच चेहरा पडला. अध्यक्ष तीच होती. कधीतरी कागदावर सही घेतली होती, कशावर ते कुणी सांगितलं नव्हतं. तिसरी म्हणाली, “समानता आली म्हणून आता निवडणुकीची ड्यूटी रात्रीपर्यंत सारखीच लागते. परत यायला गाडी नाही, तिथे थांबायला संडास नाही, आणि घरी गेल्यावर भाकरी मीच थापायची.” रजेबद्दल तर खासगी शाळेतल्या आणि दवाखान्यातल्या मुली उघड सांगतात, लग्न ठरलं हे आम्ही मुलाखतीत लपवतो.

त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला असा लागतो. धोरण त्यांना नको आहे असं नाही. धोरणाचा बोजा त्यांच्यावर येतो आणि अधिकार येत नाहीत, हा त्यांचा राग आहे. मस्टरवरचं नाव ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे, हे या बहिणी आपल्याला शिकवतात. पण त्यांच्याकडे निदान एक फाईल आहे. ती उघडून भांडता येतं. ऊसतोडीच्या बाईकडे उघडायला फाईलच नाही.

नेहमीचे तीन आक्षेप

अधिकारी, मालक आणि कधी कधी आपलेच पुरुष सहकारी यांच्याकडून तीन वाक्यं हमखास येतात. त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिलं : ‘आमच्याकडे एकही तक्रार नाही.’ ज्या विहिरीला दोर-बादली नाही, तिथून कुणी पाणी काढत नाही म्हणून गावाला तहान नाही असं म्हणाल का? तक्रार नसणं हे छळ नसल्याचा पुरावा नाही. बहुतेक वेळा तो समिती ठाऊक नसल्याचा पुरावा असतो.

दुसरं : ‘बायकांचंच म्हणणं असतं की बरं चाललंय.’ खरं आहे, असं त्या म्हणतात. मुकादम समोर असताना, नवरा दारात उभा असताना, आणि विचारणारा गाडीतून उतरलेला असताना. त्याच बायका जात्यावर, पाणवठ्यावर, रात्री खोपीपुढे काय बोलतात ते ऐकायला बसावं लागतं. आपण किती वेळा बसतो?

तिसरं : ‘एवढे हक्क दिले तर बायकांना कुणी कामावर घेणार नाही.’ ही धमकी जुनी आहे. बाळंतपणाच्या रजेच्या वेळी, रोजगार हमीच्या वेळीही हेच ऐकवलं गेलं. ऊसतोडीत बाईशिवाय कोयताच होत नाही. सोयाबीनची खुरपणी बाईशिवाय होत नाही. अंगणवाडी, गावचं आरोग्य बाईशिवाय एक दिवस चालत नाही. काम हवंय आणि कामगार नकोय, असा हा कावा आहे.

आपल्या घरातलं मस्टर

आता आपल्याबद्दल, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवून लेख संपवणं सोपं आहे.

मी पंचविशीत असताना एका संस्थेत काम केलं. नाव घेत नाही. विषय स्त्रियांचे हक्क. नोकरीचा करार अकरा महिन्यांचा. दर अकरा महिन्यांनी एक दिवस खंड आणि नवा करार. मला दिवस गेले, सहाव्या महिन्यात करार संपला आणि ‘प्रकल्पाचा निधी आटला’ म्हणून नवा झाला नाही. त्याच आठवड्यात मी आशांना बाळंतपणाच्या हक्कांवर प्रशिक्षण देऊन आले होते. भांडले नाही. वाटलं, चळवळीचं नाव खराब होईल. आज वाटतं, भांडायला हवं होतं. चळवळीचं नाव माझ्या गप्प बसण्याने खराब झालं.

आपल्या किती संघटनांत अंतर्गत समिती आहे? क्षेत्र कार्यकर्तीला आपण देतो ते वेतन की मानधन? गावातल्या बाईला ‘स्वयंसेविका’ म्हणून दिवसभर फिरवतो आणि प्रवासखर्चाच्या पावत्या मागतो, तेव्हा आपण सरकारपेक्षा वेगळे कसे? महाराष्ट्राने 1994 साली देशातलं पहिलं महिला धोरण आणलं, 2024 साली चौथं आणलं. प्रत्येक मसुद्यावर आपण सूचना दिल्या, परिषदा घेतल्या. एकदा आपल्याच कार्यालयातलं मस्टर काढून बघावं.

पहिलं धोरण आलं तेव्हा आमचा जिल्हा 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपातून उठत होता. उमरगा-लोहाऱ्याकडच्या गावांतल्या बायकांना घरबांधणीच्या कामात संवाद सहायक म्हणून जबाबदारी मिळाली. ज्या बायका तोवर उंबऱ्याबाहेर बोलल्या नव्हत्या, त्यांनी सिमेंटची पोती मोजली, इंजिनिअरला जाब विचारला. त्या काही रातोरात शूर झाल्या नाहीत. कामाला नाव मिळालं, अधिकार मिळाला, तसा आवाजही आला.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. त्या बैठकीत बायकांनी सांगितल्या त्या क्रमाने लिहिते.

ऊसतोडीचा करार आणि उचल जोडप्याच्या नावाने नको, बाईच्या स्वतःच्या नावाने आणि तिच्या स्वतःच्या खात्यात हवी. एकट्या बाईला कोयता नाकारता येणार नाही. ओळखपत्र तिचं वेगळं, महामंडळाच्या यादीत नाव तिचं वेगळं. आजारपणाचा आणि पाळीचा खाडा धरायचा नाही. फडावर पाणी, संडास आणि लेकरांसाठी पाळणाघर ही कारखान्याची जबाबदारी, मुकादमाची मेहेरबानी नव्हे.

हंगामी मजूर बाईला तिच्या घरच्या जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडे तक्रार करता आली पाहिजे आणि मुदत ती गावी परतल्यापासून मोजली पाहिजे. समितीची नावं आणि फोन नंबर कचेरीच्या भिंतीवर नको, आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर, रेशन दुकानात लावा.

अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा आणि खिचडी शिजवणाऱ्या बायकांना मानधन नको, वेतन द्या.

आणि आपल्यासाठी : पुढच्या 8 मार्चला समानतेचं भाषण ठेवण्याआधी प्रत्येक संघटनेने स्वतःची समिती, स्वतःचे करार आणि कार्यकर्तींचे पगार बैठकीत सर्वांपुढे मांडावेत.

बैठक संपली तेव्हा मी नेहमीप्रमाणे हजेरीचा कागद फिरवला. त्या मावशींनी अंगठा उमटवला आणि विचारलं, “ह्येचं काय हुईल गं, ताई? बहात्तरला अंगठ्याचे पैसे मिळाले व्हते.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो कागद माझ्या अहवालाला लागणार होता, मावशींना त्यातून काहीच मिळणार नव्हतं.

दसऱ्याला टोळ्या पुन्हा निघतील. त्याआधी मुकादमांच्या वहीत बायकांची नावं लिहून घ्यायला गावागावांत बसायचं, एवढं आम्ही ठरवलंय. ज्यांना यायचंय त्यांनी यावं. भाषणं नकोत. वही आणि शाईचा पॅड घेऊन या.